वेलांटी बघून घेतलेला ई-रीडर

सुरुवात मी कोष्टकापासून केली आणि तिथेच आठवडा वाया गेला.

प्रुफं तपासणं हे माझं काम. दिवसभर संगणकाच्या पडद्यावर रफार आणि अनुस्वार टिपत बसायचं आणि रात्री स्वतःसाठी म्हणून जे वाचायचं तेही फोनवर, हे डोळ्यांना झेपेनासं झालं होतं. छापील पुस्तक धरावं तर उजव्या मनगटाचं जुनं दुखणं सातशे पानांच्या वजनाला तयार नाही. तेव्हा ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यायचा एवढं ठरलं. कोणता, ते ठरेना. मग माझ्यासारख्या बाईने जे करायचं तेच केलं, एक्सेल उघडलं. डावीकडे नऊ यंत्रं, वर चौदा रकाने. पडद्याचा आकार, इंचाला किती बिंदू, वजन, साठवण, बॅटरी, पाणी चालतं का, उबदार प्रकाश आहे का, बटणं आहेत का. प्रत्येक रकान्याला पाचपैकी गुण. बेरीज केली तर पहिल्या सहा यंत्रांत मिळून चार गुणांचा फरक.

आमच्याकडे अक्षरजुळणी करणारे एकजण आहेत, वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना कोष्टक दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा निकाल म्हणजे सगळी मुलं प्रथम श्रेणीत पास. आता प्रवेश कुणाला देणार?"

सगळे सारखे का निघाले, ते नंतर कळलं. ज्या पडद्यासाठी आपण हे यंत्र घेतो तो पडदा जवळपास सगळ्यांचा एकाच घरचा असतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून १९९७ साली ई इंक नावाची कंपनी निघाली. तिचा पडदा वापरून सोनीने २००४ साली जपानमध्ये लिब्रिए आणला, नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचा किंडल आला, आणि मग कोबो, पॉकेटबुक, बूक्स वगैरे मंडळी. यंत्राच्या पाठीवर नाव कुणाचंही असो, अक्षर उमटतं ते बहुधा याच पद्धतीने. केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या, त्यांत पारदर्शक द्रव, त्यात तरंगणारे पांढरे आणि काळे कण. दोन्ही रंगांच्या कणांवर उलटसुलट विद्युतभार असतो. खालून विजेची दिशा बदलली की एक रंग वर येतो, दुसरा तळाला जातो. वर आलेला कण वीज बंद केली तरी वरच राहतो. म्हणून पान समोर नुसतं उघडं ठेवायला बॅटरी लागत नाही, पान उलटायला लागते. अधूनमधून पडदा क्षणभर काळा होऊन लखकन पांढरा होतो, त्याला बिघाड समजू नये. आधीच्या पानाची जी पुसट सावली मागे रेंगाळते, ती झाडून काढण्यासाठी तो तसं करतो.

म्हणजे चौदापैकी सगळ्यात महत्त्वाचा रकाना मुळात बादच. कोष्टक बंद केलं आणि यंत्रं मागायला निघाले.

तीन मिळाली. पहिलं धाकट्या नणंदेचं, निळ्या कव्हरातलं. "पंधरा दिवस ठेव वहिनी, माझं अर्धं वाचलेलं पुस्तक मात्र पुढे ढकलू नकोस," एवढ्या अटीवर. दुसरं काकांचं, सात इंची, उजव्या कडेला पान उलटायची दोन बटणं असलेलं. तिसरं भाच्याचं, अँड्रॉइडवर चालणारं मोठं धूड. फोनवर असतं ते सगळं त्याच्यावरही चालतं, हे त्याने मला तीनदा सांगितलं. तिघांची खरी नावं मी इथे लिहीत नाही. त्यांच्या ज्या खोड्या सांगणार आहे त्या माझ्या हाती आलेल्या त्या त्या यंत्राच्या आहेत, आणि मॉडेलं दरवर्षी बदलतात. निळा, बटणवाला आणि भाचा, एवढ्यावर भागेल.

पहिल्या संध्याकाळी तिन्ही टेबलावर ओळीने मांडले, शेजारी एक छापील पुस्तक उघडून ठेवलं आणि कामाचं भिंग काढलं. पडद्याची बारकाई इंचाला किती बिंदू यावर मोजतात. जुन्या सहा इंची पडद्यांना १६७ असत, मग २१२ झाले, आता ३०० हा सर्वसाधारण आकडा आहे. हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत. काकांकडे त्यांचा जुना १६७ वाला अजून आहे, तोही मागून घेतला होता. भिंगाखाली धरला तर 'कुंकू' मधला अनुस्वार चौकोनी दिसत होता आणि पहिला उकार अक्षराच्या दांड्याला चिकटून बसला होता. ३०० वाल्यावर अनुस्वार गोल आणि उकाराच्या आतली पोकळी मोकळी. रोमन लिपी वाचणाऱ्याला १६७ कदाचित खपून जाईल. तिच्यात अक्षरं एका ओळीत शेजारीशेजारी उभी असतात. आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार यांची दाटी, आणि पायाशी उकार, ऋकार. त्याच उंचीत तीन मजले. जुना, स्वस्तातला रीडर मराठीसाठी कुणी देऊ केला तर आधी हा आकडा विचारावा, बाकीचं नंतर.

छापील पान भिंगाखाली अजूनही जास्त देखणं दिसतं, हे कबूल करते. पण भिंग लावून कादंबरी कोण वाचतं!

प्रकाशाबद्दल माझा एक गैरसमज होता. फोनसारखाच मागून उजेड येत असेल तर डोळ्यांना काय सुख, असं वाटायचं. इथे दिवे पडद्याच्या कडेला असतात आणि पारदर्शक थरातून तो उजेड कागदावर पसरावा तसा पडद्यावर पसरतो, डोळ्यांत घुसत नाही. दिवसा तर तो पूर्ण बंद करून वाचता येतं. तिन्ही यंत्रं अंधारात नेऊन, उजेड अगदी मंद करून कोरं पान उघडलं, तर एकाच्या खालच्या कडेला दिव्यांच्या सावल्यांचे बारीक त्रिकोण दिसले. एकदा दिसले की पुढे रोज दिसणार. ही परीक्षा भर उजेडात होत नाही, कारण तिथे सगळेच पडदे गोरेगोमटे दिसतात. पिवळसर उबदार प्रकाशाला कोष्टकात मी पाचपैकी पाच दिले होते. वापरून पाहिल्यावर बरा वाटला इतकंच. निळ्यातही तो होता, बटणवाल्यातही. नसता तर मी रडले नसते.

आता मुख्य गोष्ट.

प्रुफांच्या धंद्यात नवा टंक, म्हणजे फॉन्ट, आला की त्याची परीक्षा घ्यायला काकांकडे एक ठरलेलं वाक्य असतं. त्यावरून मीही एक रचलं: "दुसऱ्या तऱ्हेच्या स्त्रिया क्षितिजावरच्या कुऱ्हाडीची ॲल्युमिनियमी दुष्टचक्रं ऱ्हस्वदीर्घाच्या उत्कंठेने मोजतात." अर्थ शोधू नये. देवनागरीतली जी जी जागा यंत्राला अडचणीत टाकू शकते ती ती त्यात आहे. हे वाक्य वेगवेगळ्या आकारात, ठळक, तिरकं, ओळीच्या मधोमध, ओळीच्या शेवटी असं चार पानं भरून टाकलं, खाली जोडाक्षरांची बाराखडी दिली आणि कॅलिबर नावाच्या फुकट प्रणालीत त्याचं ई-पब, म्हणजे ई-रीडरवर उघडणारं पुस्तक, केलं. कॅलिबर पुस्तकाचं नाव विचारतं, म्हणून वाक्यातले पहिले तीन शब्द दिले. लेखकाची जागा कोरी सोडली.

निळ्यावर वाक्य जसंच्या तसं उमटलं. भाच्यावर उमटलं. बटणवाल्यावर, म्हणजे माझ्या कोष्टकात पहिला आलेल्यावर, आधी नुसते चौकोन आले. काका म्हणाले, त्यात देवनागरी टंकच नाही, आपण घालू. संगणकाला जोडून टंकाची फाइल त्याच्या फोल्डरात टाकली. चौकोन गेले, अक्षरं आली, आणि 'स्त्रिया' मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. 'क्षितिज' मध्येही तेच. जोडाक्षरांचे पाय मोडलेले, 'ष्ट' च्या जागी ष, त्याला लटकलेला हलन्त आणि शेजारी ट. प्रुफात असं पान आलं असतं तर मी ते न वाचताच परत पाठवलं असतं.

याचं कारण मला धंद्यामुळे ठाऊक होतं. संगणक 'कि' साठवतो तेव्हा आधी क ठेवतो आणि मग वेलांटी, आपण बोलतो त्या क्रमाने. दाखवताना ती वेलांटी उचलून डावीकडे नेणं, क आणि ष एकत्र आले की क्ष करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, हे सगळं वाचनाच्या प्रणालीतला एक वेगळा भाग करतो. तो भाग नसेल किंवा अर्धवट असेल तर कितीही सुंदर टंक घाला, छपाईचे खिळे नुसते क्रमाने मांडल्यासारखे दिसतात. या गोष्टीचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. माझ्याही नव्हता.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फक्त माझ्यासारख्या खवचट माणसालाच खुपेल. देवनागरी टंकांमध्ये ल आणि श यांची दोन वळणं असतात, हिंदीत रुळलेलं एक आणि मराठीत रुळलेलं एक. पुस्तकाच्या फाइलमध्ये भाषा मराठी आहे अशी नोंद असेल, टंकात दोन्ही वळणं असतील आणि यंत्र ती नोंद वाचत असेल तरच आपला ल येतो. तीन अटी. तिन्ही यंत्रांवर हिंदी ल आला. मी मराठी वळणाचाच टंक घातला आणि विषय मिटवला. नणंद म्हणाली, "मला तर आजवर कळलंच नव्हतं." तिला सांगितलं याचंच मला वाईट वाटलं, कारण आता तिलाही तो दिसत राहणार.

निकाल निळ्याच्या बाजूने लागला म्हणायचा, पण दोन दिवस सलग वाचल्यावर मनगट बोलू लागलं. निळ्याला बटणं नाहीत. पान उलटायला अंगठा उचलून पडद्यावर टेकवावा लागतो, आणि एका हाताने धरलं असेल तर त्या क्षणी सगळं वजन उरलेल्या बोटांवर येतं. पुस्तकभर हे शेकडो वेळा. बटणवाल्यावर अंगठा जिथे विसावलेला असतो तिथेच नुसता दाबायचा. वजनाच्या रकान्यात सहा इंची किंडल १५८ ग्रॅम आणि सात इंची यंत्रं दोनशेच्या आसपास, म्हणून मी सात इंचीला गुण कापले होते. हातात घेतल्यावर उलटंच झालं. बटणांच्या बाजूची रुंद कड मुठीत नीट बसते, म्हणून जड यंत्र हलकं वाटलं.

भाच्याचं यंत्र दहा इंची. त्याचं आकर्षण मला एकाच गोष्टीसाठी होतं, पीडीएफ. पीडीएफचं पान म्हणजे छापून घट्ट झालेलं पान, त्यातली अक्षरं मोठी केली तरी ओळी नव्याने जुळत नाहीत. आपल्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर. सहा इंची पडदा म्हणजे कसाबसा ९ बाय १२. बारा पॉइंटांत जुळवलेलं पान त्यात बसवलं तर अक्षर सात पॉइंटांपर्यंत आक्रसतं. समास कापून टाकले तर थोडं सुधारतं. सात इंचीवर १०.७ बाय १४, जेमतेम. दहा इंचीवर मात्र डेमी पान जवळजवळ मूळ आकारात बसतं. जुनी मराठी पुस्तकं तर पुष्कळदा स्कॅन केलेल्या पानांच्याच रूपात हाती लागतात. युनिकोडपूर्वीच्या टंकांत जुळवलेल्या फाइलींचं रूपांतर करायला जावं तर मजकुराच्या जागी चिन्हांची खिचडी निघते. तेव्हा मोठा पडदा घ्यावा असा मोह झालाच.

तो मोडला दुसऱ्या कारणाने. तिसऱ्या रात्री भाच्यावर वाचत होते आणि वरच्या पट्टीत कार्यालयाच्या ग्रुपवरचा निरोप उमटला, "प्रकरण ७ चं प्रूफ पाठवलंय." उद्या बघू म्हटलं. पण प्रूफ पीडीएफमध्ये, समोर दहा इंची पडदा, शेजारी लेखणी. पहाटे एक वाजता मी प्रकरण ७ तपासत होते. भाच्याला सांगितलं तर म्हणतो, "मावशी, ते नोटिफिकेशन बंद करता येतं." करता येतं, बाळा. पण मग बंद असताना मी उघडून बघणार नाही, असं कुठलं सेटिंग आहे?

रंगीत पडद्याचंही पाहून घेतलं. शेजारच्या मुलीकडे एक आहे, तासभर मागितला. हल्लीच्या कॅलिडो ३ प्रकारात काळं अक्षर इंचाला ३०० बिंदूंचं असतं आणि रंग १५० चे, कारण रंगाची जाळी पडद्यावर अंथरलेली असते. त्या जाळीमुळे पांढरा भाग किंचित करडा दिसतो आणि दिवा थोडा जास्त ठेवावा लागतो. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांना, नकाशांना ठीक. मी कादंबऱ्या वाचते.

बाकीचे रकाने एका ओळीत संपतात. साठवण: नुसत्या मजकुराचं पुस्तक एक-दोन एमबीचं, सोळा जीबीत या जन्मी वाचून होणार नाहीत इतकी मावतात. पाणी: माझं वाचन पाण्यात होत नाही. बॅटरी: 'इतके आठवडे' असं लिहितात तेव्हा दिवसाला अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असा हिशेब धरलेला असतो. मी दोन तास वाचते, म्हणून चाराने भागलं, तरी पुरे.

फाइलींचा रकाना मात्र मी पहिल्या फेरीत 'ई-पब चालतं का, हो किंवा नाही' असा एका शब्दात उरकला होता. तो नंतर दोन दिवस पुरला. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरात आली, आणि मराठी ई-पुस्तकं सहज विकत घेऊन लगेच वाचायची असतील तर ती वाट सोपी आहे. तार जोडून ई-पब त्यात टाकलं तर ते उघडत नाही, ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल सोयीने पाठवलं की रूपांतर होऊन उघडतं. कोबो, पॉकेटबुकसारख्यांवर ई-पब सरळ टाकायचं. दोन्ही पद्धतींत ती कॅलिबर प्रणाली हाताशी असलेली बरी. कोविद गोयल यांनी २००६ साली ती लिहायला घेतली, कारण सोनीचा त्या वेळचा नवा रीडर लिनक्सवर चालत नव्हता. एका माणसाच्या अडचणीतून निघालेलं हे हत्यार आज सगळ्यांच्या उपयोगी पडतंय.

विकत घेतलेलं पुस्तक आपलं किती, हा प्रश्न काकांनी काढला. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले आणि पुढे प्रमुखांनी माफीही मागितली. त्यातली एक कादंबरी तर माणसांवर सतत पाळत ठेवणाऱ्या राजवटीबद्दलची. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेल्या किंडल पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकायची सोयही त्यांनी बंद केली. बहुतेकांना याने काही फरक पडत नाही. माझ्या कपाटात लोकांची नावं घातलेली, मला न परत आलेल्या पुस्तकांची यादी आहे, त्यामुळे मला पडतो.

आणि तरीही मी निळ्यासारखाच घेणार होते, वेलांटीपायी. बटणवाला परत करायला गेले तर काका म्हणाले, "आणखी एक दिवस ठेव." त्यांनी त्यात केओरीडर नावाची प्रणाली घातली. ही मुक्त स्रोताची आहे, कोबो आणि पॉकेटबुकवर सरळ चढते, किंडलवर मात्र त्याचं कुलूप तोडावं लागतं. यंत्राची मूळ प्रणाली तशीच राहते, ही शेजारी राहायला येते. दिसायला रुक्ष, पर्यायांचं जंगल. माझं चार पानांचं पुस्तक उघडलं. वेलांटी डावीकडे. 'ष्ट' एकसंध. 'तऱ्हे' मधला ऱ्ह डुलत्या रेघेसकट जागेवर.

मग मी खरी हावरट झाले. मराठी शब्द लांब, त्यांना प्रत्यय चिकटलेले, 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' सारखे. अरुंद पडद्यावर दोन्ही कडा सारख्या करायच्या म्हटल्या की शब्दांमध्ये भगदाडं पडतात आणि पानभर पांढरे ओघळ दिसतात. इथे उजवी कड मोकळी सोडता आली. ओळींमधलं अंतर वाढवलं, म्हणजे खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडेना. समास एका बाजूला जास्त ठेवले, अंगठ्यासाठी. दोन तास मी पुस्तक न वाचता पान जुळवत बसले होते. काका चहा संपवून निघूनही गेले होते.

तसाच बटणवाला मागवला. आल्यावर पहिल्या दिवशी टंक, केओरीडर, समास, ओळी, सगळं घालून घेतलं, आणि संगणकाची तार काढून ठेवली. पीडीएफ त्यावर मी वाचत नाही. कार्यालयाच्या ग्रुपला तिथे शिरायला दारच नाही. एक्सेलची फाइल अजून आहे, तिच्यात बटणवाल्याच्या ओळीत 'देवनागरी' असा पंधरावा रकाना वाढवून मी शून्य घातलं आणि शेजारी कंसात काकांचं नाव लिहिलं.

निळा नणंदेला परत केला, तिचं अर्धं वाचलेलं पुस्तक होतं त्याच पानावर ठेवून. चार दिवसांनी रात्री तिचा फोन आला.

"वहिनी, यात 'दुसऱ्या तऱ्हेच्या स्त्रिया' म्हणून एक पुस्तक आहे, ते तू टाकलंस का गं? लेखकाचं नावच नाही. मी चारही पानं वाचली. कविता आहे का?"

"प्रायोगिक आहे," मी म्हटलं.

"तरीच. मला ते कुऱ्हाडीचं आवडलं."